आठ पायांची पावणी

वारूळवाडी,
१८ जानेवारी, दुपारी जेवणानंतर

ती. शीलाआक्का हिस,

धाकट्या गोरखचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांग. त्यांचं गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, नारायणगावातून पाठवून देतो. तुझा खोकला थांबला का? म्हैस व्याली का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात वृषाली खुशाल आहे, समृद्धी खुशाल आहे, आणि मी गेले साडेतीन महिने खुर्चीत सलग पाच मिनिटं टेकलेलो नाही. (हे वाक्य लिहितानाही एकदा उठून आलो.)

पत्र बघून तू दचकली असशील. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापतेस आणि माझं बोलणं घोडेगावच्या अर्ध्या आळीला ऐकू जातं. मागे तुला मूळव्याधीचं सांगितलं, तर आठच दिवसांनी मंचरच्या बाजारात एका अनोळखी माणसाने मला थांबवून औषध सांगितलं. आजचा विषय त्याहून नाजूक आहे. वाचून झालं की कागद चुलीत घाल.

तर आक्का, आमच्या घरात एक कोळी आहे. माळ्यावरच्या जळमटात असतो तसला नाही. हा पाळलेला आहे. खरं तर पाळलेली, कारण मादी आहे. टॅरँट्युला म्हणतात. तळहाताएवढी, अंगभर केस. जात मेक्सिको देशातली, पण हिचा जन्म पिंपरीचा, आणि नोंदणीचे कागद इतके चोख की मला माझ्या सात-बाऱ्याची तेवढी खात्री नाही. काळीभोर आहे आणि प्रत्येक गुडघ्यावर केशरी पट्टा आहे, नव्या लुगड्याच्या काठासारखा. (हे वर्णन वृषालीचं. माझी नजर बरेच दिवस गुडघ्यापर्यंत पोचलीच नव्हती.)

आता तू हसत असशील, कारण माझं कोळ्याचं गुपित जगात तुला एकटीलाच माहीत आहे. गावाला माहीत असलेला गोरख वेगळा. दोन वर्षांपूर्वी उसातला बिबट्या गोठ्याच्या दारात आला, तेव्हा तेलाचा डबा बडवत त्याच्या अंगावर गेला तो गोरख. त्यानंतर शाळेने मला मुलांसमोर ‘भीती म्हणजे काय’ या विषयावर बोलायला बोलावलं, तेही दोनदा. भीती आपल्या डोक्यात असते, बाहेर काही नसतं, असं मी तिथे टेबलावर हात आपटून सांगितलं. घरी तर समृद्धीला हे मी ती तीन वर्षांची असल्यापासून सांगत आलो. आणि तोच गोरख न्हाणीघरात बोटाएवढा कोळी दिसला की अंघोळ न करता दुकानात जातो. लहानपणी कणगीत उतरलो असताना सदऱ्यात कोळी शिरला आणि मी उघडाबंब मीना नदीपर्यंत पळालो, तू मागून सदरा घेऊन धावलीस, ते तू कुणाला सांगितलं नाहीस. तुझे हे उपकार मी विसरलेलो नाही.

सप्टेंबरअखेर समृद्धी पुण्याहून आली. हातात काचेची पेटी, वर ओढणी झाकलेली. मला वाटलं, मासे असतील. तिने ओढणी काढली. आक्का, मी ओरडलो नाही. माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही, म्हणून. पोरगी म्हणाली, तिच्या खोलीच्या मालकिणीने पेटी बघून दोन दिवसांची मुदत दिली आहे आणि तिला स्वतःला चार महिने कंपनीच्या ट्रेनिंगला बंगळुरूला जायचं आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “पप्पा, तुम्हाला काय, तुम्ही तर बिबट्याला भीत नाही. ठेवाल ना?” आता या प्रश्नाला बाप काय उत्तर देणार? मी म्हणालो, “ठेव की. त्यात काय एवढं.” आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो.

वृषालीने तिचं नाव ‘पावणी’ ठेवलं. चार महिन्यांसाठी आलेली बाई, दुसरं काय म्हणायचं? पेटी पडवीत शिलाई मशीनवर ठेवली. वृषाली शेजारी बसून मेथी निवडते आणि तिच्याशी गप्पा मारते. (पावणी मध्येच बोलत नाही, हा तिचा मोठा गुण आहे असं मला सुनावून झालं आहे.) पण खाऊ घालायचं काम समृद्धीने माझ्याकडे दिलं होतं, कारण वृषालीला रातकिड्यांची किळस येते. हो, ती रातकिडे खाते, जिवंत. समृद्धी त्यांचाही एक डबा ठेवून गेली. ते दिवसरात्र किरकिरतात. म्हणजे पाहुणीबरोबर तिचा शिधाही आमच्याकडे मुक्कामाला, आणि तो गातो.

दर आठवड्याला एक रातकिडा. मी हातात वेल्डिंगचे कातडी हातमोजे घालायचो, डोक्याला हेल्मेट, काच खाली ओढलेली, आणि हातात भट्टीचा लांब चिमटा. झाकण दोन बोटं उघडायचं, रातकिडा सोडायचा, झाकण लावायचं, अंगणात यायचं. पहिल्या खेपेला रातकिडा चिमट्यातून सुटून माझ्याच हेल्मेटात शिरला. पुढचं लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला चिमटा काचेवर आपटला, तेव्हा तिने माझ्याकडे पाठ केली आणि मागच्या पायांनी पोटावरचे केस भराभरा उडवले. मी मोठ्या ऐटीत हेल्मेटची काच वर करून बघत होतो. दोन दिवस नाक आणि मान खाजवत होतो. धर्माजी पंपाची जळकी मोटार घेऊन दुकानात आले (खोडदचे, कांदेवाले, तू ओळखतेस), बघून म्हणाले, “भाऊ, गोवर उठला का काय ह्या वयात?”

दुकानाचं तर विचारूच नकोस. वाइंडिंगचं काम म्हणजे मोटारीत तांब्याची तार गुंडाळत वेढे मोजायचं काम. अठ्ठेचाळीसावर आलो की मनात येतं, झाकणाची कडी लावली का? लगेच मोटारसायकल काढायची, घरी यायचं, कडी बघायची, परत जायचं आणि पहिल्यापासून मोजायचं. एक दिवस पाच वेळा घरी आलो. शेजारच्या ठमाबाईंनी वृषालीला गुपचूप विचारलं, “आगं, त्यो सारखा घरी का येतो? भांडलाय का दुकानात कुनाशी?” अशातच धर्माजींच्या मोटारीची जोडणी मी उलटी केली. पंप सुरू झाला आणि पाणी काही चढेना. बिचारे तासभर विहिरीत वाकून बघत बसले.

मग ठमाबाईंना पेटी दिसली. दुपारपर्यंत आळी लोटली. ठमाबाई काचेला नाक लावून म्हणाल्या, “लई गुनाची दिसती गं. इख आसतं का हिला?” मी हात मागे बांधून, दाराला पाठ लावून (म्हणजे पळता यावं म्हणून) सगळ्यांना माहिती सांगितली. असतं, पण माणसाला फार नाही. आपल्याकडचा विंचू परवडत नाही, ही परवडते. मादी वीस-वीस वर्षं जगते. हे शेवटचं मी फोनवर वाचलं होतं आणि लोकांना सांगता सांगता मलाच पहिल्यांदा नीट कळलं. वीस वर्षं, आक्का! तेव्हा मी एकाहत्तरचा असेन. “गोरख हाय म्हनून,” असं म्हणत लोक कौतुकाने घरी गेले आणि मी पाणी प्यायलो.

(उठून आलो. कडी लावलेली आहे.)

डिसेंबरात पावणीने जेवण सोडलं. एक आठवडा, दोन, तीन. रातकिडा तिच्या पाठीवरून चालत जायचा, तरी ढिम्म. समृद्धीला कळवलं तर ती म्हणाली, होतं असं, रातकिडा काढून घ्या, पाणी ठेवा, हलवू नका. पण तुला सांगतो, माझं चित्त ठिकाणावर राहीना. मी तिच्या भीतीने घरी यायचो ते आता ती बरी आहे का बघायला यायला लागलो, आणि हा बदल कधी झाला ते माझं मलाच कळलं नाही.

मागच्या चतुर्थीला वृषाली बचत गटातल्या बायकांबरोबर लेण्याद्रीला गेली. मी दुपारी जेवायला घरी आलो. बघतो तर पावणी उताणी. आठही पाय वर, पोट उघडं, हालचाल नाही. मी काचेवर बोटाने टकटक केली. काही नाही. समृद्धीला फोन लावला, तर बंद. त्यांना प्रयोगशाळेत फोन नेऊ देत नाहीत. वृषालीचा लागला, पण ती पायऱ्या चढत होती आणि वाऱ्यात मला फक्त “काय? काय?” ऐकू आलं.

आक्का, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? मीही त्याची वाट बघत होतो. ते वाटेना. लेकीने एक जीव भरवशाने माझ्याकडे दिला होता आणि मी त्याला तीन महिने चिमट्याने जेवू घातलं, हेच डोक्यात फिरत राहिलं. ती बंगळुरूहून विचारील, पप्पा, शेवटी कशी होती ती? मी काय सांगू? मी तिला कधी नीट बघितलंच नाही. म्हणून स्टूल ओढलं आणि काचेपाशी बसलो. हेल्मेट नाही, हातमोजे नाहीत. पहिल्यांदाच तिचे गुडघे पाहिले. वृषाली म्हणते ते खरं आहे, काठच आहे.

अर्ध्या तासाने एक पाय हलला. मला वाटलं, माझाच श्वास काचेवर लागून तसं दिसलं. मग तिची छाती कडेने उकलली, डब्याचं झाकण निघावं तशी, आणि आतून ओली, फिकट पावणी बाहेर यायला लागली. एकेक पाय ती जुन्या पायातून असा काढत होती, जसा आपण चिखलातून बूट काढतो, थांबून, दम खाऊन. तीन तास लागले. मी स्टुलावरून उठलो नाही. गेल्या साडेतीन महिन्यांत मी एका जागी बसलो ते हे तीन तास. शेवटचा पाय अडकला तेव्हा मी तिला मोठ्याने म्हणालो, “ओढ, ओढ, आलाच.” तेवढ्यात वृषाली प्रसाद घेऊन दारात. तिला पेटीत दोन पावण्या दिसल्या आणि नवरा त्यांच्याशी बोलताना दिसला. ती किंचाळली, “अगं बया, व्याली का काय ही!” दुसरी म्हणजे नुसती कात होती, पण पायाच्या केसांसकट अशी अखंड की धर्माजींनी दुसऱ्या दिवशी तिलाही लांबून हात जोडले.

संध्याकाळी समृद्धीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन काचेपाशी धरून तिला सगळं दाखवत होतो. पोरगी पडद्याच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, “पप्पा, तुम्ही एवढ्या जवळ बसलात?”

“का? त्यात काय एवढं?”

“मला माहितीय, तुम्ही कोळ्याला भिता. मी सहावीत होते तेव्हा बघितलंय, न्हाणीघरातून कसे बाहेर आला होतात ते.”

वृषाली पदर तोंडाला लावून आत गेली. मग समृद्धी हळूच म्हणाली, “मलाही वाटते पप्पा. तुमच्यापेक्षा जास्त. ती भीती जावी म्हणूनच मी पावणी घेतली. पहिले दोन महिने झाकण मैत्रीण उघडायची. पण तुम्हाला कसं सांगू? तुम्ही म्हणायचात, बाहेर काही नसतं.”

आक्का, मी शाळेत दोनदा भाषण केलं, टाळ्या घेतल्या. आणि माझी लेक अठरा-वीस वर्षं कोळ्याला भीत राहिली आणि वर मला सांगायलाही भीत राहिली. मी तिला एवढंच म्हणालो, “बाळा, मी हेल्मेट घालून जेवू घालत होतो तिला.” ती हसता हसता रडायला लागली की रडता रडता हसायला, फोनवर नीट कळलं नाही. मग कणगीची गोष्ट मी स्वतःच सांगितली. आता तू ती सांगायला मोकळी आहेस.

तर असं आहे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. काल पायावर सुतळीचा तुकडा पडला तर शेजारच्या अंगणात होतो. पण चिमटा आखूड घेतला आहे. दाजींना सांभाळ, थंडीत सकाळी लवकर बाहेर पडू नकोस. म्हशीचं कळव. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
गोरख

ता. क. रविवारी समृद्धी ट्रेनिंग संपवून येते आहे. पुण्यात तिने नवी खोली बघितली आहे, मालक भला आहे, पावणीला ठेवून घ्यायला तयार आहे. म्हणजे ती तिला घेऊन जाणार. चांगलंच आहे. माझी सुटका झाली.

ता. क. २. तू तिची आत्या. ती तुझं ऐकते. तर रविवारच्या आत तिला एक फोन कर आणि म्हण, की एवढ्या प्रवासाने त्या जिवाला धक्का बसेल, अजून अंग मऊ आहे, राहू दे पप्पांकडेच. हे तुझ्या मनाने सुचलं असं सांग. मी सांगितलं म्हणू नकोस. वृषालीलाही नको, तिला वाटतं मी दिवस मोजतोय.

ता. क. ३. आक्का, मी वृषाली. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. पावणी इथंच राहणार. मी समृद्धीला परवाच फोन करून सांगितलं आणि ती म्हणाली, मम्मी, मी पप्पांनी मागायची वाट बघत होते. तरी तुम्ही फोन कराच. ह्यांना वाटू द्या की त्यांनी जमवलं.