मागच्या खोलीची आतली कडी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, शिवणकाम करणारी बाई, वय सत्तरीच्या पुढे, डोकं ताळ्यावर, हात जरासा कापरा, असं लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते मी आज माझ्या मर्जीने ठरवलं आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भुलवलेलं नाही. गोड बोलत बसायला आमच्या घरात वेळ कोणाला आहे? वकिलाकडचा कारकून म्हणाला, "आजी, तुम्ही नुसतं सांगा, मी टाइप करतो." मी म्हटलं, नको रे बाबा, मला लिहिता येतं. शाळा तिसरीपर्यंतचीच, पण अक्षर बघ कसं टपोरं! त्याने बघितलं, हसला आणि नियम सांगितले. खाडाखोड केली तर बाजूला सही करायची. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करायचं नाही. आणि इकडचं तिकडचं लिहायचं नाही. त्यातले पहिले दोन मी पाळते आहे.

कलम पहिले. हे घर माझ्या नावावर आहे आणि माझ्या मशीनवर उभं राहिलेलं आहे. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची मी माझ्या एकुलत्या एका मुलाला देते. त्याने लगेच खूश होऊ नये, पुढचं कलमही वाचावं.

कलम दुसरे. मागची खोली, म्हणजे माझी शिवणाची खोली, खिडकी, कापायचं टेबल आणि वरचा दिवा यांच्यासकट, मी माझ्या नातीला मालकी हक्काने देते. घरात तिला मुंगी म्हणतात. रांगायची तेव्हा स्वतःपेक्षा मोठी उशी ओढत घरभर फिरायची, म्हणून नाव मीच ठेवलं. अजूनही तशीच आहे, झेपणार नाही एवढं ओढते आणि वर हसते. जमीन मोजणीच्या सरकारी परीक्षेला बसते आहे. मागच्या वेळी थोडक्यात गेली. आता वयाची अट आडवी आली आहे, त्यामुळे यंदा झालं तर झालं, पुढे तिला बसूच देणार नाहीत. आणि नेमका आत्ताच माझ्या मुलाला या खोलीची मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा आहे. "आई, काय ऐसपैस वाटेल बघ!" वाटेल रे. पण भिंत पाडायची नाही. मी असताना हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. पण मला कोणाला नाही म्हणताच येत नाही. तोंड उघडलं की आपोआप "बरं" निघतं. म्हणून नाही म्हणायचं काम या कागदाला दिलं आहे.

कलम तिसरे, कडीचे. हे नीट समजावून लिहावं लागेल.

आजवर आमच्या घरात आतून कडी लागायची असं खोलीचं दार एकच, न्हाणीघराचं. बाकीची दारं नुसती लोटलेली असतात. सासरच्या जुन्या घरातही तसंच होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला शिवणकामाचा दाखला हवा होता. तो मिळाला की स्वतःच्या नावाची पाटी लावून दुकान काढता येत होतं. त्याला लेखी परीक्षा होती आणि मला तर धड वाचता येत नव्हतं. मग काय, मी न्हाणीघरात जायची, कडी लावायची, नळ सोडायची आणि बादली पालथी घालून त्यावर पुस्तक घेऊन बसायची. सासूबाई बाहेरून म्हणायच्या, "अगं, किती ती आंघोळ! माशाची जात आहे का तुझी?" एकदा पुस्तकात इतकी रमले की पाणी दाराखालून थेट स्वयंपाकघरात. पिठाचा डबा भिजला. सासूबाई ओरडत होत्या, आणि मी आत बसून तोंडावर पदर धरून हसत होते. आठवलं की अजून हसू येतं. माझा सगळा अभ्यास झाला तो तिथेच.

परीक्षेच्या सकाळी पायांत चपला घातल्या आणि दारात मावससासूबाई उभ्या. "निघालीस का? जा जा. एक मिनिट चहा तेवढा टाक आणि जा." टाकला. मग साखर संपलेली. मग त्यांचं ब्लाउज उसवलेलं, "दोन टाके घाल, मशीन उघडंच आहे की." पोचले तेव्हा फाटक बंद झालं होतं. आत सगळ्याजणी मान खाली घालून लिहीत होत्या, त्या खिडकीतून दिसत होत्या. पाटी काही लागली नाही. मावससासूबाईंना या मृत्युपत्रानुसार काहीही मिळणार नाही. त्या आता नाहीत हे मला ठाऊक आहे. असत्या तरी मिळालं नसतं.

तर गेल्या महिन्यात मला न्हाणीघराचं दार बंद दिसलं, आतून नळाचा आवाज. बराच वेळ. मी दाराला कान लावला, तर मुंगी आत बसून कोन आणि अंतरं पाठ करत होती! मला आधी इतका आनंद झाला म्हणून सांगू, वाटलं ही अगदी माझ्यावर गेली. आणि मग लक्षात आलं. सगळी जन्मभराची शिलाई घालून घर बांधलं आणि पोरीला निवांत बसायला जागा कुठली, तर माझीच ती पालथी बादली.

मी सुताराला निरोप धाडला. तो आमच्याच गल्लीतला, हात सोन्याचा, पण त्याचा उद्या काही उजाडत नाही. शेवटी त्याची पँट माझ्याकडे कमरेत सैल करायला आली, ती मी अडकवून ठेवली. "मावशी, अहो, लग्नाला जायचंय!" म्हटलं, कडी बसव आणि पँट घेऊन जा. आज सकाळी बसवली. पितळी आहे, छान खटका वाजतो. मुलगा म्हणाला, "घरातल्या घरात कडी? आम्ही काय चोर आहोत?" मी नेहमीसारखी हसले. उत्तर इथे लिहिते : चोर नाही रे, खादाड आहोत. तिचा वेळ बसल्या जागी खातो. "मुंगी, एक मिनिट ये गं, रिमोट बघ." "मुंगी, एक मिनिट, पाहुण्यांना पाणी." ती येते, कारण तिलाही नाही म्हणता येत नाही. तेही माझंच तिच्यात उतरलं आहे. ही कडी कोणीही, कधीही, कुठल्याही कारणाने काढायची नाही.

कलम चौथे. भिंतीवरचं घड्याळ मुलाला. ते मी मुद्दाम पुढे लावून ठेवलं होतं, म्हणजे सगळे वेळेवर निघतील. पण ते पुढे आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे सगळे मनात वजाबाकी करून आणखीच उशिरा निघतात. त्याचं काय करायचं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही. आता तू बघ.

कलम पाचवे. मशीन सुनेला. ती लोकांचं रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत जाते, उजाडत निघते, दमून येते. नवी होती तेव्हा म्हणाली होती, "आई, मला शिकवाल का?" मी म्हटलं, शिकवते की, उद्या बसू. मी त्या सुतारावर उगीच चिडते.

कलम सहावे. मुंगीने माझ्यासाठी एक वेळापत्रक भिंतीला चिकटवलं आहे, ते माझ्यामागेही काढू नये. तिने विचारलं होतं, "आजी, तुझं ध्येय काय?"

"तुझा निकाल."

"ते माझं झालं. तुझं सांग."

मी म्हटलं, एक कागद पुरा करायचा आहे. कुठला ते सांगितलं नाही. तिने गंभीरपणे तसंच लिहिलं आणि चौकट आखली : सकाळी कागद, मग डोळ्यांना विश्रांती, मग गप्पा. पण कागद हातात घेतला की कोणीतरी यायचं आणि गप्पा आधी व्हायच्या. आणि कोणी नाही आलं तर मीच उठून मागच्या खोलीत, ती अभ्यासाला बसलेली असायची तिथे जायची, तिला काहीतरी सांगायला. सांगायचं तसं काही नसायचं. पण ती मान वर करून हसते ना, ते बघायला. आज कडी बसल्यावर ती आत गेली, खटका वाजला, आणि मी दार वाजवायला हात उचलला. तो तसाच खाली आणला. खादाडांत पहिला नंबर माझा.

कलम शेवटचे. मुंगी आत असताना कोणीही दार वाजवायचं नाही. पाहुणे आले, वाजवायचं नाही. रिमोट सापडत नाही, शोधा. दूध उतू चाललं, गॅस तुम्हालाही बंद करता येतो. मी आजारी पडले, तरी नाही, मला हाका मारायची सवय आहे, लक्ष देऊ नये. आणि मी अगदी जायला टेकले, आणि ती आत असली, तर

इथे "तरीही वाजवू नये" असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. (बाजूला सही केली.)

मग "परीक्षा होईपर्यंत तिला कळवू नये" असं लिहिलं. तेही खोडलं आहे. (बाजूला सही केली.)

समोर दोघे साक्षीदार बसले आहेत. शेजारच्या नर्सबाई म्हणतात, "आजी, काय ते लिहून टाका, माझी ड्यूटी आहे." सुतार पँटकडे बघतो आहे, ती मी सहीपर्यंत अडकवली आहे. कडी माझीच, नियम माझाच, आणि मलाच तो झेपत नाही.

तर तेवढं एकदा वाजवा. हळूच. म्हणावं, आजी म्हणते, मुंगी, एक मिनिट ये गं.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिलं, स्वतःच वाचून बघितलं आणि या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. नातीला बोलावलेलं नाही.

सही : मुंगीची आजी, शिवणकाम

साक्षीदार : गल्लीतले सुतार (सही केली, पँट मिळाली)
साक्षीदार : शेजारच्या नर्सबाई (सही)

दिवस : कडी बसली तोच, रविवार, दुपार
ठिकाण : मागच्या खोलीच्या बंद दाराबाहेर