वहीतल्या दोन खुणा

प्रिय आई,

आधी हे वाच: मी धडधाकट आहे आणि काल हिमनदीला हात लावून आले!

परवा जमलं नव्हतं. निवारा चालवणाऱ्या रेगुलाबाईंनी बजावलं होतं, "बारा वाजले की असशील तिथून माघारी. दुपारी बर्फ वितळून वाटेतला ओढा फुगतो." बारा वाजले तेव्हा बर्फ शंभर पावलांवर होता. रडतच माघारी फिरले. सूप वाढत बाई म्हणाल्या, "शहाणी आहेस गं. उद्या तासभर आधी नीघ."

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस.

इथे निघताना वहीत नाव लिहायचं, परतलं की बाई पुढे खूण करतात. जुनी वही मागून पाहिली. बाबांच्या नावापुढे अजून कोरंच आहे. माझ्या नावापुढे दोन खुणा आहेत, आई.

परत आलेली,
तुझी सेराइना