एच म्हणजे हेडिंग

२ जून, सोमवार

एच दाबायचं. बस, एवढंच! आणि मी गेल्या महिन्यापासून टॅब दाबत बसलोय. बातम्यांचं एक पान उघडलं की आधी साठ-सत्तर लिंका, त्या एकेक ऐकायच्या. बातमी येईपर्यंत चहा गार.

वसंताक्का हसल्या. "काय हो, डोळे होते तेव्हा पेपर पहिल्या अक्षरापासून वाचत होता काय? आधी मथळे बघत होता ना? मग एच दाबा. एच म्हणजे हेडिंग. शिफ्ट धरून दाबलं की मागचं हेडिंग."

दाबलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारी कानातली यांत्रिक बाई बोलली — हेडिंग लेव्हल टू. पुन्हा दाबलं. पुढची बातमी! पान मला कधी एवढं लहान वाटलं नव्हतं.

अक्कांचं मराठी तंजावूरकडचं. पणजोबा तिकडून मद्रासला आले म्हणे. मध्येच तमिळ, मध्येच 'मजला' नि 'कोठें'. जन्मापासून दिसत नाही त्यांना. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता घरीच शिकवतात. गेल्या महिन्यात आपणहून फोन आला त्यांचा, नंबर हॉस्पिटलकडून मिळाला म्हणाल्या. मी नाहीच म्हणत होतो. कल्पना मागे लागली म्हणून गेलो.

हे सगळं मी टाइप करतोय, हेडफोन लावून. चुका राहत असतील, राहू देत. घरात फक्त माझं असं एवढंच आहे आता.

५ जून, गुरुवार

के म्हणजे लिंक. बी म्हणजे बटण. एफ म्हणजे फॉर्ममधली भरायची जागा. टी म्हणजे तक्ता. इन्सर्ट आणि एफ-सेव्हन एकदम दाबलं की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादीच समोर येते, हवं त्याचं पहिलं अक्षर दाबायचं की तिथे.

आणि कंट्रोल दाबलं की कानातली बाई जागच्या जागी गप्प. कल्पनाला सांगितलं. म्हणाली, "बायकोसाठी नाही ना असलं बटण?"

हसलो दोघं. किती दिवसांनी, कोण जाणे.

९ जून, सोमवार

बटण. बटण. बटण. एका दवाखान्याच्या साइटवर चौदा बटणं, एकालाही नाव नाही! डोळ्यांनी बघणाऱ्याला चित्र दिसतं, मला नुसतं 'बटण'. शेवटी अपॉइंटमेंट कल्पनानेच घेतली. मी बाजूला बसून राहिलो, हात मांडीवर.

१२ जून, गुरुवार

आज फजिती. शोधायच्या चौकटीत शिरलो होतो आणि पुढच्या हेडिंगवर जायला एच एच एच एच दाबत राहिलो. शोध लागला 'एचएचएचएच'चा! चौकटीत असताना अक्षरं ही अक्षरंच. बाहेर आलं की ती पाय होतात. इन्सर्ट धरून स्पेस दाबायचा, म्हणजे इकडून तिकडे.

"बेगीन नको," अक्का म्हणाल्या. "आधी ऐका, आपण कोठें आहोत. मग दाबा."

मग कॉफी. त्यांना विचारलं, कॉम्प्युटर येण्याआधी पत्रं वगैरे कसं करत होता? म्हणाल्या, बहीण वाचायची. चांगली होती बहीण. "पण वाचून दाखवणारा माणूस चाळून वाचतो हो. वाईट मनाने नाही. हे याला नको, ते उद्या सांगू, असं. माझ्या लग्नाचं एक विचारणं आलं होतं, ते मजला बारा वर्षांनी कळलं."

आणि लगेच, "साखर पुरे ना?"

घरी येताना रिक्षात कल्पना विचारत होती, आज काय शिकवलं. स्पेस, म्हणालो.

१३ जून, शुक्रवार

माझा ईमेल. पासवर्ड पाठ आहे — दहा महिन्यांत एकदाही मी टाकला नव्हता! कल्पना उघडते, वाचते, "विशेष काही नाही" म्हणते, मिटते.

ती भाजीला गेली तेव्हा उघडला. पत्रांचा तक्ता आहे. टीने तक्त्यात शिरलो, मग कंट्रोल आणि आल्ट धरून खालचा बाण. एकेक ओळ, एकेक पत्र. जाहिराती, विम्याची आठवण, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची सूचना. काहीही नव्हतं. पण मी वाचलं! टँकरची सूचना तीनदा ऐकली.

१६ जून, सोमवार

सावकाश लिहितो.

मार्चपर्यंत मागे गेलो होतो. अठरा मार्चचं पत्र, शेषाद्रींचं. श्रीपेरुंबुदूरच्या प्लँटमधले माझे साहेब, सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली क्वालिटी पाहिली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेल्यावर नोकरी सोडली तेव्हा म्हणाले होते, बघतो काहीतरी. मला वाटलं, सगळेच म्हणतात.

त्यांनी बघितलं होतं. पुरवठादारांच्या तक्रारींचे अहवाल तपासायचं काम. बसून. स्क्रीन रीडर कंपनी देईल. "तुमचा अनुभव वाया जाऊ नये असं मला वाटतं. दोन आठवड्यांत कळवा."

खाली उत्तर. एकवीस मार्च. आभारी आहे, मी काम करण्याच्या स्थितीत नाही, माझा विचार करू नये. आणि शेवटी माझं नाव. कानातली बाई ते वाकडंतिकडं उच्चारते — युपेंड्रा. चार वेळा ऐकलं. चारही वेळा तेच.

मी हे लिहिलेलं नाही.

१७ जून, मंगळवार

कल्पना दोनदा म्हणाली, बरं वाटत नाही का?

१९ जून, गुरुवार

क्लासला गेलो नाही. नाश्ता झाल्यावर विचारलं. आवाज चढवणार नव्हतो, चढला.

"शेषाद्रींना माझ्या नावाने पत्र कुणी पाठवलं?"

भांड्यांचा आवाज थांबला. मग खुर्ची ओढल्याचा.

"मी."

"मला न विचारता? माझ्या नावाने?"

"हो."

"का?"

आता चेहरा दिसत नाही, तेव्हा माणूस गप्प बसलं की मला काहीच कळत नाही. ओरडलो, "बोल ना! मला तू दिसत नाहीस!"

"फेब्रुवारीत तू गॅलरीत कठड्याला पोट टेकून उभा होतास," ती म्हणाली. "सातव्या मजल्यावर. मी हाक मारली तर म्हणालास, इथून सगळं सोपं आहे. आठवतं?"

आठवतं. तिला ऐकू गेलं असेल असं वाटलं नव्हतं.

"त्यानंतर महिनाभर तू दाढी केली नाहीस. जेव म्हटलं तर जेवलास. आणि शेषाद्री दोन आठवड्यांत उत्तर मागतात. तुला वाचून दाखवलं असतं, तू हो म्हणून गेला असतास आणि तिथे जमलं नसतं, तर? नाही म्हणाला असतास, तर तेही स्वतःच्या तोंडाने म्हणालास म्हणून कुढला असतास. मला एवढंच सुचलं की हे पत्र तुझ्यापर्यंत येऊच नये."

"मग एप्रिलमध्ये सांगायचंस. मेमध्ये."

"रोज सांगणार होते. रोज जास्त अवघड होत गेलं."

रडत होती. मी गेलो नाही जवळ. जायला हवं होतं का? राग गेलेला नाही. पण कुणावर धरायचा ते नीट कळेनासं झालंय. तिच्या जागी मी त्या गॅलरीत असतो तर काय केलं असतं — हा प्रश्नच विचित्र आहे. मी तिथेच होतो.

२० जून, शुक्रवार

अक्कांकडे एकटा गेलो. पहिल्यांदा! काठी, रिक्षा, लिफ्टमधली ठिपक्यांची बटणं. कल्पना दारापर्यंत आली आणि थांबली. थांबताना तिला काय झालं असेल ते मला ऐकू आलं.

अक्कांना सगळं सांगितलं. मला वाटलं, बहिणीची गोष्ट सांगणाऱ्या बाई आहेत, माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "अय्यो. मग मजला आलेलं पत्र तुमचं नव्हे की काय?"

"कुठलं पत्र?"

त्यांनी लॅपटॉप ओढला. बोटं अशी चालतात त्यांची की कानातली बाई मागे पडते. एप्रिलमधलं पत्र लावलं, हेडफोन काढून, मोठ्याने.

"माझी दृष्टी गेली आहे. मला काही शिकायची इच्छा नाही. तरीही कृपया मला शिकवा. मी नाही म्हणेन, पण आपण पुन्हा फोन करा. नंबर हॉस्पिटलकडून मिळाला असं सांगा." खाली नाव — युपेंड्रा.

"मजला वाटलं, काय विचित्र माणूस आहे! स्वतःबद्दल असं कोण लिहितं?" अक्का म्हणाल्या. "म्हणून तर दोनदा फोन केला."

मी हसत होतो की काय करत होतो, माहीत नाही. अक्कांनी कॉफीचा पेला हातात दिला आणि तक्त्यातल्या रकान्यांचा धडा सुरू केला. बरं झालं.

२१ जून, शनिवार

कल्पनाला म्हटलं, दोन्ही पत्रं वाचली. ती म्हणाली, "बरं." मग माझ्या ताटात पोळी वाढली. हात धरला तिचा. पिठाचा होता.

"पुन्हा माझ्या नावाने काही लिहू नकोस," म्हणालो. "चांगलंसुद्धा."

"नाही लिहिणार."

२४ जून, मंगळवार

शेषाद्रींना पत्र लिहिलं. मी, माझ्या हाताने. तीन तास लागले. मार्चमधलं उत्तर कुणी लिहिलं ते सांगितलं नाही. 'तेव्हाची माझी स्थिती वेगळी होती' एवढंच. ते खोटं नाही.

पाठवायचं बटण बीने शोधलं. त्याला नाव होतं, सुदैवाने. कल्पना शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. आली नाही बघायला. यायची इच्छा झाली असणारच.

३ जुलै, गुरुवार

प्लँटमध्ये जाऊन आलो. तिरुमंगलमहून कंपनीची बस. ड्रायव्हर तोच! "वांगो सार," असं स्वागत केलं, आणि माझी जुनी खिडकीची जागा कुणालातरी उठवून दिली. खिडकीचं आता मला काय? पण बसलो.

शेषाद्रींनी कॉफी मागवली, इकडचंतिकडचं बोलले, मग अवघडून म्हणाले, एक नमुना तपासून दाखवाल का? समोर कंपनीचं पोर्टल. एच दाबलं — एकही हेडिंग नाही. बी दाबलं — बटण, बटण, बटण. पाठीवर घाम.

अक्कांचं आठवलं, आधी ऐका कोठें आहोत. थांबलो. टी दाबलं. तक्ता होता! त्यात शिरलो, रकान्यांतून उजवीकडे, खाली. अकराव्या ओळीत वेल्डिंगची तक्रार. तीच तक्रार चौथ्या ओळीत वेगळ्या नंबराने. "ही दोनदा नोंदवली आहे," म्हणालो.

शेषाद्रींची खुर्ची करकरली. वाकून बघत असणार.

"आमच्या तिघांनी हे पाहिलंय," ते म्हणाले.

"आणि साहेब, ही बटणं. यांना नावं नाहीत. डोळे असलेल्या माणसाने केलंय हे."

हसले. कळवतो म्हणाले. सगळेच म्हणतात, असं या वेळी मनात आलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

सहा महिन्यांचं कंत्राट. आठवड्यात दोन दिवस प्लँट, तीन दिवस घरून. पोर्टलच्या बटणांना नावं द्यायचं कामही सुरू करतायत, त्यांना मला बसवून विचारायचंय. एक ऑगस्टपासून.

पत्र स्वतः वाचलं, मग कल्पनाला ऐकवलं. तिने जाऊन दाढीचं नवीन ब्लेड काढून ठेवलं.

अक्कांना फोन केला. "सरि, सरि, बरं झालं," म्हणाल्या. "मग गुरुवारचा क्लास शनिवारी घेऊ. रजा मिळणार नाही."

२२ जुलै, मंगळवार

सकाळी कल्पनाचा फोन वाजला. ती कणीक मळत होती. "मेल आलाय बहुतेक," म्हणाली. "माझे हात भरलेत. तू वाच ना."

फोनवरची बोटं वेगळी, पण जमलं. एका शाळेचं पत्र. गणिताच्या शिक्षिका म्हणून नेमणूक, सोमवारी सकाळी सव्वासातला हजर राहावं. पुढे एक वाक्य होतं — मुलाखतीत आपण सांगितलंत की आपण नोकरी गेल्या सप्टेंबरमध्ये सोडली.

माझे डोळे गेल्यावर मला तिने सांगितलं होतं की तिची जुनी शाळाच बंद पडली.

परात शांत होती. मी शेवटपर्यंत वाचलं, काहीही न गाळता.