रिकाम्या तळ्यातली चांदी

प्रिय आई,

गुडघा कसा आहे ते मावशीला विचारते, कारण तू खरं सांगणार नाहीस. इथे पाणी उतरलंय, धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात. मी शहरातल्या संशोधन संस्थेतून रजा घेऊन घरी आले ती सभेसाठी. कुरुमू तळं मासेमारीला पुन्हा खुलं करायचं की नाही, एवढाच विषय होता. ते बंद ठेवावं म्हणून तू घरोघर फिरली होतीस आणि राखणीची होडीही तूच वल्हवलीस, म्हणून तुझ्या जागी मी बसले.

आदल्या सकाळी रीतीप्रमाणे प्रत्येक घराने तळ्यात गळ टाकून पाहिला. बंद तळ्यात जाळं चालत नाही, हा नियम तुझाच. एकाही गळाला मासा लागला नाही. सभेत ओस्मारिनोकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “इरासीने दोन वर्षं नुसतं पाणी राखलं. चंद्राचं प्रतिबिंब तेवढं चोरीला गेलं नाही!” लोक हसले. मला राग आला, पण मी कॉफी संपवली आणि मग बोलले.

सभेच्या दिवशी सकाळी मी दोन तळ्यांतलं पाणी बारीक कापडातून गाळून भिंगाखाली पाहिलं होतं. शेजारच्या खुल्या तळ्यात पाण्यातले सूक्ष्म किडे लहानमोठे सगळे होते. कुरुमूत मोठे जवळजवळ नव्हतेच, फक्त अगदी लहान उरले होते. म्हणजे मोठे किडे कुणीतरी खात होतं, आणि खाणारे थोडेथोडके नव्हते. गळाचं आमिष न धरता पाणी गाळून पोट भरणारा एकच मासा माझ्या डोळ्यांपुढे आला: अकारा-प्राता. जाळी घालून घालून आपण तो इतका संपवला होता, की त्याची आठवणही कुणाला राहिली नव्हती. मी एकदाच फेकजाळं टाकू देण्याची परवानगी मागितली.

“आता स्वतःच्या आईचा नियम मोडतेस होय गं?” ओस्मारिनोकाका म्हणाला. मी म्हटलं, सभेने हात वर केले तर नियम मोडत नाही, आणि जाळं तुम्हीच फेका. हात वर झाले.

सगळं गाव होड्या घेऊन मागे आलं. त्याने जाळं फेकलं आणि ओढताना थांबला. मागच्या होडीतून क्लेओनिसी ओरडली, “काय हो काका, जाळं जड झालं की वय?” त्याने पाय रोवले आणि जोर लावला. जाळं वर आलं ते चांदीने भरून. तळहाताएवढे, रुंद, पिवळसर झाक असलेले मासे. ओस्मारिनोकाकाने एक मासा उचलून तळहातावर घेतला. “अरे देवा,” तो म्हणाला, “आम्ही लहान असताना असे असायचे.” एक ठेवून बाकीचे सोडून दिले. तो एक मी वल्ह्याच्या पात्यावर चिरला आणि कल्ल्यांच्या आतली, पाणी गाळणारी, केसांसारखी बारीक फणी सगळ्यांना दाखवली. म्हाताऱ्या बायका ओळीने वाकून बघत होत्या. तळं बंदच राहणार. सभेत परतल्यावर एकही हात विरोधात गेला नाही.

सभेच्या सुरुवातीला सरपंचाने माझी ओळख “शहरात शिकलेली” अशी करून दिली होती. शेवटी मी उभी राहिले आणि ती दुरुस्त केली. म्हटलं, मी इरासीची मुलगी. एवढंच बोलले आणि खाली बसले.

आता हे पत्र का, ते सांगते. तू सांतारें शहरात मावशीकडे गेलीस ती गुडघ्यासाठी नाही. “नुसतं पाणी राखलं” हे काकाचं बोलणं तू निघण्याआधी धक्क्यावरही ऐकलं होतंस, आणि परत न येण्याचं ठरवलंस, हे मावशीने मला कळवलंय. राखणीची जागा सभेने मला देऊ केली. मी नाही म्हटलं, ती रिकामी नाही. काल ओस्मारिनोकाकाने तुझी होडी उलटी घालून तिच्या फटी डांबराने बुजवल्या. “तिला सांग, होडी तयार आहे,” म्हणाला, “मला सांगायला तोंड नाही.” म्हणून मी सांगते आहे. शनिवारच्या बोटीने ये. धक्क्यावर मी असेन, आणि तोही असेल.

तुझीच, इरासीची मुलगी,
नेइदे