निळ्या दाराचा फोटो

३ मार्च
शिशावरचा लेख सहा आठवड्यांनी पुरा झाला. या ज्ञानकोशात आम्ही सगळे फुकटच लिहितो, पण संदर्भ नसला तर एक वाक्य टिकू देत नाहीत. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांच्या रक्तात शिसं कसं चढतं — रोज प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते, म्हणून हा विषय घेतला. फोटो दादाच्या बॅटरीच्या दुकानात काढला. तो म्हणाला, "तोंड नको, हात घे." फक्त हात, आणि मागे दुकानाचं निळं दार.

९ मार्च
वाचक अकरा. त्यातल्या सात वेळा मीच असेन.

१० मार्च
आमच्या गटाचं फेसबुक पान ताई सांभाळतात — वयाने माझ्याहून लहान, रुबाबाने ताई. त्यांचा फोन. "लेख सोन्यासारखा आहे हो, पण मथळा वाचूनच झोप येते. बदलू का?" हो म्हणाले. परवा मांजरांच्या जातींवरचा लेख नऊ हजारांनी वाचला. जीव जळला होता माझा. इथे तरी खरं लिहावं.

११ मार्च
"तुमच्या गल्लीत विष शिजतंय का?" — खाली दादाचे हात, निळं दार. जेवणाच्या सुट्टीत पाहिलं, दोन हजार जणांनी पुढे पाठवलेलं. आनंद झाला. चांगला तासभर टिकला.

१३ मार्च
कुणीतरी दार ओळखलं. पोस्टखाली दुकानाचा पत्ता टाकला. ताईंना म्हटलं, फोटो काढा. "आत्ता काढला तर पोस्ट मरेल. दोन दिवस कळ काढा."
चाळीस हजार वाचक! हातमोजे, मुखपट्टी, रक्ततपासणी हे सगळं लेखाच्या शेवटी आहे. खालच्या शिव्या वाचल्या तर तिथवर एकही पोचलेला दिसत नाही.

१४ मार्च
सकाळी दुकानासमोर माणसं जमली. शेजारचा शिंपी सगळ्यांत पुढे — दादाकडून दरवर्षी बॅटरी भरून नेणारा. दारावर डांबर फासलं. दादा आत बसून राहिला म्हणे.
दुपारी वहिनी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. "वन्सं, परक्या कुणी केलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. तुम्हाला काय घालू?"
माझ्याकडे फक्त संदर्भ होते — सत्तावीस.

१५ मार्च
भांडून पोस्ट उतरवली. ताईंनी गटावर अभिनंदन केलं — महिन्यातला सर्वाधिक वाचलेला लेख. मला चित्रातला एक तारा मिळाला.

२० मार्च
पुढचं नाव पुकारलं आणि दादा समोर. खुर्चीत बसला, बाही वर केली.
"तुझा लेख वाचला. सगळा."
मी काहीतरी बोलायला गेले. "आधी सुई टोच," म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शीर सापडेना.
वहिनी दारात उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझंही काढा. हे एकटे घाबरतात."

२७ मार्च
रिपोर्ट आले. दादाचा आकडा वाढलेला — ते मी धरूनच चालले होते. वहिनीचाही जवळजवळ तेवढाच. दुकानाची पायरी ती कधी चढली नाही. वीस वर्षं त्याचे कपडे झटकते, धुते.
लेखात ही ओळ नव्हती.