माह्या डोस्क्यातले जागले

नाई, पिऊन लिवत नाई. कोणी विचारलं नाई, तरी पह्यले हेच सांगतो. उभ्या जन्मात मोहाच्या दारूचा थेंब तोंडाले लावला नाई.

मी वारलू सोमाजी भानारकर, वय ७४, चौथी पास, धंदा मासेमारी, राहणार बोडीटोला, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. हे मृत्युपत्र पुऱ्या शुद्धीत, कोणाच्या दाबात न येता, माह्या हातानं लिवून राह्यलो. मधात दोन डाव झोप लागली. उठलो, वाचलं, पटलं, पुढं लिवलं.

१. मोठं जाळं आन डोंगा, म्हंजे माही लाकडी होडी, माह्या पोराले, सुरेंद्रले. जाळं फेकाले चांगला आहे, आयकाले नाई.

२. माह्या डोस्क्यातला मेंदू, माही झोप तपासणाऱ्या डॉक्टर दिव्या मॅडमच्या प्रयोगशाळेले. कागद भरून झाला. काऊन, ते एकदाच सांगतो. मेंदूत खाली, मधोमध, थोड्याशा पेशी राह्यतात. त्या एक रस सोडतात, त्यानं माणूस जागा राह्यते. मॅडमनं त्याचं इंग्रजी नाव सांगतलं. मी म्हटलं, "म्हंजे जागले. आमच्या तलावावर मासेचोराइवर राखण ठेवतात, तसे." त्या म्हणल्या, "हो काका, जागलेच." माह्ये जागले कवाच मेले. म्हणून मी डोंग्यात निजतो, जेवता जेवता निजतो, आन लय हसलो तं हातपाय सुटून पडतो. आयकू सगळं येते.

उंदराच्या मेंदूत हे जागले कुठी बसतात त्याचा नकाशा झाला. माणसाचा पुरा व्हाचा आहे. मेंदूचे पातळ काप काढतात, रंग लावतात, एकेक जागल्या मोजतात. माह्याइथी रिकाम्या जागा मोजतीन.

३. सुरेंद्र म्हणते, "बा, डोस्का फोडून घाटावर नेऊ का तुले? लोक काय म्हणतीन?" लोक तीस वर्सं म्हणूनच राह्यले. प्रयोगशाळेची गाडी येईन, मेंदू नेईन, देह परत देईन. तो मार्कंड्याच्या घाटावर जाळा. सुरेंद्रनं गाडी अडवली तं घर पुरं पोरीले, नीलिमाले. नाई अडवली तं दोघाइले आधं-आधं. फोन नंबर चुलीमागच्या भिंतीवर लिवला आहे. पह्यले फोन, मंग रडणं.

४. फोनाच्या आधी डॉक्टर. मी पडलो म्हंजे मेलो, असं नाई. तीस वर्सांआधी मार्कंड्याच्या जत्रेत आमच्या मासेमारी संस्थेच्या अध्यक्षानं, रामाजीनं, एक गोष्ट सांगतली. मी हसलो आन पडलो. माही बायको कुंता रडत होती. सुरेंद्र विचारत होता, लाकडं कुठून आणाचे. रामाजी म्हणला, "मेला नाई, प्यायला आहे." "वास घेऊन पाह्य" असं सांगासाठी माह्यं तोंड उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं संस्थेच्या वहीत लिवलं: 'वारलू भानारकर दारू पिऊन झोपतो, सबब तलावाच्या जागलीवरून कमी.' कुंता ती ओळ उरात घेऊन गेली.

५. मेंदूचा रिपोर्ट आला का नीलिमानं तो संस्थेच्या सभेत मोठ्यानं वाचावा. मंग त्या ओळीवर लाल शाईनं काट मारावी. रामाजी जिता असन तं त्यानंच. नसन तं त्याच्या खुर्चीत जो असन त्यानं.

साक्षीदार म्हणून मी रामाजीलेच बोलावलं. म्हणे, "वाचून सही करू का न वाचता?"

"वाचून."

वाचलं. चष्मा पुसला. म्हणे, "वारलूभाऊ, वही घरीच आहे. ओळ आजच काटतो. मेंदू राहू दे ना."

मी म्हटलं, "आज काटली तं ते तुही मेहरबानी होईन. मले मोजलेलं पाह्यजे."

त्यानं सही केली.

साक्षीदार:
१. रामाजी लक्ष्मण मेश्राम, अध्यक्ष (सही)
२. धनराज तुकाराम शेंडे, पोस्टमन (सही)

लिहून देणार: वारलू सोमाजी भानारकर (सही)
ठिकाण: बोडीटोला
दिनांक: १४ मार्च २०२५

रामाजी अजून दारातच उभा आहे. विचारून राह्यला, मंग माफ केलं का म्हणून. मले जे सांगाचं होतं ते वर लिवलं. पुढं सांगत नाई.