गिनीपिगच्या वाटीतली निवळी

आत्याबाई, सगळ्यात आधी आली ती गिरणीवाली. चहाचं आधण ठेवायच्या आत दारात हजर, अन् पदर तोंडाला लावून म्हणती, "तुमच्यात म्हणं डुक्कर आणलंय?" मी म्हणलं, अगं डुक्कर न्हवं, गिनीपिग हाय. तर म्हणती, "पिग म्हंजी डुक्करच की! माझा नातू इंग्लिश शाळंत हाय, मला नका सांगू." मग पिंजऱ्यात डोकावली. "अगं बया, ह्यो तर बिनशेपटीचा उंदीर!" हसून हसून माझं पोट दुखलं. तुमी असत्या तर तिला पायरीवरूनच लावली असती परत. तुमच्या नातवानं, म्हंजी माझ्या लेकानं, पुण्याहून आणून ठेवलंय त्याला. नवीन घर लागंपर्यंत सांभाळ म्हणला. नात मात्र जाताना डोळे पुसत बोलली, "आजी, याला काही झालं ना, तर मी दिंद्रुडला परत येणारच नाही." दहा वर्षांची हाय, पण जिभेला धार तुमचीच. अन् बोललेलं करती, तुमच्यावानीच.

पोरीनं सांगितलं होतं, दिवसभर वाळलं गवत, वर थोडी काकडी, ढोबळी मिरची. मला वाटलं, वाळल्या गवतावर कुणाचं अंग भरतंय? आपल्यात लहान जीव आला की आधी त्याचं हाड बघायचं, हे तुमीच शिकवलेलं. म्हणून म्हशीच्या पेंढीतला लसूण घास मूठमूठ घालायले. लई आवडीनं खायचं. मी घास घेऊन निघाले की लांबूनच शीळ घालायचं, वीक वीक वीक. दुसऱ्या कुणाला न्हाई, खायला आणणाऱ्यालाच घालतंय ती शीळ. मग एक दिवस खालच्या फडक्यावर पांढरे डाग दिसले, वाळल्यावर खडूची भुकटी जशी. मुतताना कळवळायलं. पिशवीत घातलं अन् गेले माजलगावला, जनावराच्या डॉक्टरकडं.

डॉक्टर तरणाच हाय. म्हणला, "आजी, खायला काय घालता?" म्हणलं, घास, पालक, अन् बोरचं पाणी. त्यानं कपाळाला हात लावला. "आजी, म्हैस चुना दुधातनं काढती, कोंबडी टरफलातनं. ह्याला दूध न्हाई, अंडं न्हाई. जादा झालेला चुना सगळा लघवीत उतरतो. आज गाळ हाय, उद्या खडा झाला तर एवढ्याशा जिवाला कापू कुठं?" घास पिलाला, न्हाईतर गाभणीला द्यायचा म्हणला, हा तयार गडी हाय. ह्याला लागतो तेवढा चुना गवतातनंच मिळतो. अन् पाणी फिल्टरचं. मी घास म्हशीला टाकला अन् जार लावला.

आता पुढचं ऐका. दुपारची जरा आडवी झालते. दाराला आतनं कडी. घरात मी एकटीच. अन् सैपाकघरातनं शीळ आली, वीक वीक वीक. उठून बघती तर मागच्या पायावर उभं राहिलंय, तोंड कोपऱ्याकडं. तुमचं चुन्याचं मडकं असायचं त्या कोपऱ्याकडं. तिथं आता गॅसची टाकी हाय. वाटीतल्या पाण्यावर काचेवानी पातळ पापडी. बोटानं दाबली, कुडकन मोडली. अन् त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, बोटाच्या शेंड्याएवढा. पुसला तर ओला होता.

फिल्टरच्या पाण्याला पापडी धरत न्हाई, आत्याबाई. कशाला धरती ते मला माहीत हाय. तवा मी पहिलटकरीण, पाटावर बसलीय, अन् तुमी पितळी पेल्यात चुन्याची निवळी, मडक्यातलं वरचं नितळ पाणी, घेऊन उभ्या. मी नाक मुरडती. तुमी म्हणता, "नाक कावून मुरडती गं? पोराची हाडं काय तुझ्या बापाच्या घरून येणार हायेत?" अन् शेवटचा घोट पोटात जाईस्तोवर हलत न्हाईत. तंबाखू मळून तुमच्या बोटाला कायम चुना. माझ्या हनुवटीला लागायचा, लेकरांच्या गालाला लागायचा.

वाटी घासून ठेवली. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारी फडक्यावर पांढरं वाढलेलं दिसलं, अन् मी तुमाला कधी उलटून बोलले न्हाई, ते त्या दिवशी बोलले. टाकीकडं तोंड करून, पदर डोक्यावर घेऊन. म्हणलं, आत्याबाई, पुरे! ते काय बाळंतीण हाय? नातीचा जीव हाय त्याच्यात, ते मेलं तर पोर हा उंबरा चढायची न्हाई. द्यायचंच असंल तर मला द्या. माझे गुडघे लई दुखतेत.

घरात गार झालं, भर उन्हाचं. पिंजऱ्यातलं बी दडून बसलं.

दुसऱ्या दिवशी वाटीतलं पाणी नितळ. माझा पेला ताटलीनं झाकलेला होता. ताटली काढली, तर खाली पापडी. भ्याले न्हाई म्हणलं तर खोटं, पण आधी हसूच आलं. एक घोट घेऊन खाली ठेवायले, तर पाठीमागं कुणी उभं हाय असं वाटलं. ओल्या चुन्याचा अन् तंबाखूचा वास. वळून बघायचा धीर झाला न्हाई. सगळा पेला पिले, तसा वास गेला.

तवापासनं रोज. आधी ते शीळ घालतंय, मग मी पदर सावरून बसती. त्याचं फडकं आता स्वच्छ हाय, मुतताना कळवळत न्हाई, डॉक्टर बी खूश. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. लेकाला सांगितलं तर घराला कुलूप लावून पुण्याला घेऊन जाईल. ह्यो कागद बी चुलीतच जायचा, तुमाला कुठं वाचता येतं? पण एक सांगून टाकती, आत्याबाई. माझे गुडघे तसे चांगले हायेत. गडाच्या पायऱ्या अजून चढती. मला शेवटचं कुणी समोर उभं राहून काही पाजलं, ते तुमीच.

लेकाचा फोन आला होता. घर लागलं म्हणं. पिंजरा न्यायला रविवारी येतो म्हणला. मग तुमी आल्याची शीळ कोण घालंल?